परागंदा हुकूमशहा मराठवाड्यात: अठरा मिनिटांचा उपहासपट कसा करावा

सत्ता गेलेला हुकूमशहा परक्या मुलखात कसा जगतो, यावर विनोदी लघुपट करायचा ठरला की बहुतेक मंडळी पहिल्याच बैठकीत परदेशापाशी अडकतात. विमानतळ, बर्फ, उंच इमारती आणायच्या कुठून? कुठूनच आणू नका. हुकूमशहा काल्पनिक देशातला ठेवा आणि त्याला पळून येऊ द्या छत्रपती संभाजीनगरला, लातूरला नाहीतर परभणीला. त्याच्यासाठी हाच परदेश. इथली भाषा त्याला कळत नाही, जेवण तिखट लागतं, आणि त्याचा फोटो पाहून कुणी उठून उभं राहत नाही. तुमचा खर्च वाचतो आणि प्रेक्षकाला स्वतःचं गाव परक्या डोळ्यांनी दिसतं.

अशी अदलाबदल मोठ्यांनीही केली आहे. अमेरिकेने १९५२ साली परतीचा परवाना रद्द केल्यावर चार्ली चॅप्लिनने 'अ किंग इन न्यूयॉर्क' हा पदच्युत राजाचा चित्रपट इंग्लंडात चित्रित केला. तो १९५७ मध्ये आला, आणि त्यातलं न्यूयॉर्क लंडन परिसरात उभं केलेलं आहे. प्रेक्षक जागेची तडजोड चालवून घेतो, माणसाच्या सवयी खोट्या वाटल्या तर मात्र घेत नाही. म्हणून मेहनत सवयींवर करायची.

आधी खरे परागंदा वाचा

लिहायला बसण्यापूर्वी आठवडाभर वाचन करा. युगांडाचा इदी अमीन १९७९ मध्ये पळाला, लिबियामार्गे सौदी अरेबियात गेला आणि २००३ मध्ये जेद्दाहला मेला. फिलिपिन्सचा मार्कोस १९८६ मध्ये हवाईला गेला, १९८९ मध्ये तिथेच वारला. इराणच्या शहाने जानेवारी १९७९ मध्ये देश सोडला. मग इजिप्त, मोरोक्को, बहामा, मेक्सिको, अमेरिका, पनामा असा फिरत तो पुन्हा इजिप्तला आला आणि जुलै १९८० मध्ये कैरोत गेला. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म १९१८ मध्ये नेदरलँड्समध्ये आश्रयाला गेला. डोर्नच्या बंगल्यात तो रोज लाकडं तोडत बसायचा, १९४१ पर्यंत तिथेच राहिला.

प्रत्येकाकडून एकच गोष्ट उचला. अमीनकडून बिरुदावली घ्या. तो स्वतःला पृथ्वीवरच्या सर्व पशूंचा आणि समुद्रातल्या सर्व माशांचा स्वामी म्हणवून घेई. याहून अतिशयोक्त बिरुद लिहायला गेलात तर ते लेखकाने रचलेलं वाटतं, म्हणून खऱ्याच्या एक पायरी खालीच राहा. शहाकडून घ्यायचं ते यजमानांचं अवघडलेपण: पाहुणा दारात उभा आहे आणि प्रत्येक जण घड्याळ बघतो आहे. कैसरकडून रिकामे हात घ्या. हुकूम द्यायला कुणी उरलं नाही की हातांना काहीतरी काम लागतं, आणि नटासाठी ही सगळ्यात उपयोगी खूण आहे.

जवळची उदाहरणंही आहेत. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ ते १९१६ इंग्रजांच्या नजरकैदेत रत्नागिरीत राहिला. गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यावर अबुल हसन कुतुबशहाला औरंगजेबाने दौलताबादच्या चिनी महालात कोंडलं, त्याची कबर खुलताबादला आहे. आणि निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा तर लातूरचा वकील. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर तो पकडला गेला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.

या शेवटच्या नावापाशी जरा थांबा. रझाकारांनी जाळलेल्या गावांच्या आठवणी इथल्या घराघरांत आहेत आणि १७ सप्टेंबर हा आपला मुक्तिदिन आहे. जुलूम सोसलेला माणूस विनोदाचा विषय होता कामा नये, ही या चित्रप्रकाराची पहिली अट आहे. हसायचं ते जुलूम करणाऱ्यावर, आणि तेही त्याच्या वर्णावर, धर्मावर, उच्चारांवर किंवा कपड्यांवर नाही. आपलं ऐकलंच जाणार या त्याच्या समजुतीवर हसायचं.

संहिता: तीन सवयी, प्रत्येकी तीनदा

सत्ता गेली पण सवय राहिली, एवढंच कथासूत्र अठरा मिनिटांना पुरतं. हुकूमशहाला तीन शारीरिक सवयी द्या. उदाहरणार्थ:

१. दारापाशी येऊन थांबणं, कारण दार नेहमी दुसरा कुणीतरी उघडतो.
२. वाक्य संपलं की हात वर करून टाळ्यांची वाट बघणं.
३. घास तोंडात घालण्यापूर्वी तो शेजारच्याला चाखायला देणं.

प्रत्येक सवय तीनदा दिसली पाहिजे. पहिल्यांदा ती मायदेशात चालते. सुरुवातीला ७० ते ८० सेकंदांचा जुन्या सरकारी बातमीपटासारखा कृष्णधवल तुकडा ठेवा, त्यात तिन्ही उरकून घ्या. दुसऱ्यांदा ती इथे फसते. तिसऱ्यांदा तिला वेगळा अर्थ येतो, म्हणजे घास चाखायला दिला तर घरमालकीण त्याला माया समजते आणि धपाट्यावर लोण्याचा गोळा वाढते. दोनदाच दाखवलेली सवय प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही, चौथ्यांदा दाखवली की कंटाळा येतो.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब देवनागरीत फसतो, कारण टंक आणि अक्षराचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो. संहिता सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. मुक्या प्रसंगांसाठी हालचाल खरोखर करून वेळ मोजा. वाचनात १६ मिनिटं भरली तर पडद्यावर १८ होतात.

देश बनवताना नाव, झेंडा, राष्ट्रगीत आणि भाषा एवढ्या चारच गोष्टी लागतात. नाव कुठल्याही खऱ्या देशाशी, आडनावाशी, जातीशी किंवा गावाशी जुळत नाही ना, हे पाच वेगळ्या लोकांना वाचायला देऊन तपासा. झेंड्यात कुठल्याही पक्षाचा रंग प्रमुख नको. इथला प्रेक्षक रंगावरून लगेच माणूस ओळखतो आणि मग सगळा चित्रपट त्या एका पुढाऱ्यावरचा होऊन बसतो. राष्ट्रगीत बारा सेकंदांचं, बँडवर वाजेल एवढं सोपं ठेवा. भाषेसाठी ३५ ते ४० शब्दांची यादी करा आणि नियम ठरवा: क्रियापद आधी, नकार शेवटी, 'आदर' दाखवणारा एक प्रत्यय. नटाने सुचेल तसं बडबडायचं ठरवलं तर ते हटकून एखाद्या खऱ्या भाषेची नक्कल होतं आणि चित्रपट त्या भाषेच्या लोकांची टिंगल वाटू लागतो. ठरलेले शब्द पुन्हा पुन्हा आले की बाराव्या मिनिटाच्या सुमारास प्रेक्षकाला उपशीर्षकाशिवाय कळायला लागतं. तो क्षण फार मोलाचा आहे, त्यासाठी ही मेहनत घ्या.

मराठवाडाच देऊ शकतो असे प्रसंग

*नोंदणी.* परदेशी माणूस घरी उतरला तर घरमालकाने २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवायची असते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे 'मला आश्रयाचा हक्क आहे' असं तो म्हणाला तरी समोर तसा ठरलेला अर्ज नसतो. घरमालकीण मोबाइलवर त्याची माहिती भरते आहे. 'व्यवसाय' या रकान्यापाशी ती थांबते. तो बिरुदावली सांगू लागतो, रकान्यात मावतात तेवढीच अक्षरं ती भरते. या प्रसंगाला दोन मिनिटं द्या आणि कॅमेरा एकाच जागी ठेवा.

*पाणी.* नळ काही दिवसांआड येतो आणि गल्ली टँकरभोवती गोळा होते. नद्या वळवण्याचे हुकूम सोडलेला माणूस हातात हंडा घेऊन उभा आहे. इथे त्याचा अपमान करणारं कुणी नको. सगळे आपापल्या घाईत आहेत, त्याच्याकडे बघायला वेळ नाही, आणि विनोद तेवढ्यातच आहे. कुणीतरी एवढंच म्हणावं, "इथं सगळेच साहेब हैत. रांगेत थांबा." चित्रीकरणासाठी पाणी सांडू नका. टाकी रिकामी ठेवा, हंडे एक-तृतीयांश भरा आणि धारेचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा. टंचाईच्या गावात चित्रीकरणासाठी पाणी वाया घालवलं तर लोक पुढे सहकार्य करत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं.

*फ्लेक्स.* तो स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला देतो. छापून येतो तेव्हा त्याचा चेहरा खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत अंगठ्याएवढा असतो. दहा बाय आठ फुटांचा एक फ्लेक्स पुरतो. त्यावरचे सगळे चेहरे तुमच्याच चमूचे आणि लेखी संमतीचे असावेत, इंटरनेटवरून उचललेला एकही नको. शहरात फलक लावायला महानगरपालिकेची परवानगी लागते, म्हणून तो खाजगी आवाराच्या आत टांगा आणि चित्रीकरण होताच उतरवा.

*ओळख.* चौथा प्रसंग हसण्याचा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात परदेशी विद्यार्थी शिकतात, त्यामुळे त्याच्याच देशातली एक मुलगी त्याला चहाच्या टपरीवर ओळखते, हे पटण्यासारखं आहे. ती ओरडत नाही. त्याच्याच भाषेत तीन नावं घेते, आणि ती तिच्या घरच्यांची असतात हे प्रेक्षकाला तोवर शिकलेल्या शब्दांवरून कळतं. तिन्ही सवयींपैकी एकही त्याला या क्षणी सुचत नाही. हा प्रसंग बाराव्या ते चौदाव्या मिनिटात ठेवा. अगदी शेवटी ठेवला तर भाषण वाटतं, आधी ठेवला तर पुढचं हसू अडकतं. मात्र तो गाळू नका. तो नसेल तर जुलमी माणूस नुसता गमतीदार, बिचारा म्हातारा होतो, आणि अशा चित्रपटांची सगळ्यात मोठी चूक हीच असते.

पात्रं आणि बोली

हुकूमशहासाठी विनोदी नट शोधू नका, गंभीर भूमिका करणारा घ्या. आपण विनोदी चित्रपटात आहोत हे त्याच्या चेहऱ्याला माहीत नसावं. तालमीत त्याच्याकडून प्रत्येक प्रसंग एकदा शोकांतिकेसारखा करून घ्या, बहुतेक वेळा तोच सूर शेवटी उपयोगी पडतो.

घरमालकीण, टपरीवाला, वाहक ही पात्रं त्याच जिल्ह्यातली निवडा. मराठवाडी बोली नांदेडला वेगळी, बीडला वेगळी, धाराशिवला आणखी वेगळी. पुण्याच्या नटाला 'काय करायलाव?' पाठ करून घेता येतं, पण पुढच्या वाक्यात सूर सुटतो. संहितेत वाक्याचा आशय प्रमाण मराठीत लिहा आणि नटाला ते त्याच्या घरच्या बोलीत म्हणू द्या. मग जे आलं तेच लिहून कायम करा, म्हणजे प्रत्येक टेकमध्ये शब्द बदलत नाहीत आणि संकलनात जुळतात.

गणवेश

लग्नाच्या बँडवाल्यांचा कोट घ्या. लाल किंवा निळा, सोनेरी गोफ, खांद्यावर झालरी, सगळं तयार मिळतं. पौष महिन्यात लग्नं नसतात. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुमारास कोट रिकामे असतात आणि चार दिवस भाड्याने मिळणं सोपं जातं. हवाही थंड असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो तेव्हा अस्तराचा जाड कोट घालून नट तासभरही उभा राहू शकत नाही. शक्य असेल तर सारख्याच मापाचे दोन कोट घ्या, एक कोरा आणि एक मळलेला. प्रसंग उलटसुलट क्रमाने चित्रित होतात तेव्हा एकाच कोटावर हे जुळवता येत नाही.

पदकं ट्रॉफीच्या दुकानातून घ्या, फिती शिवणसामानाच्या दुकानातून. सोळा ते वीस पदकं पुरेत. त्यांच्यामागे फेल्टचा तुकडा चिकटवा, नाहीतर ती एकमेकांवर आपटून प्रत्येक संवादात खणखणतात. खणखणाट हवा तिथे तो नंतर घाला. राजेशाही उपरण्यासाठी हिमरू शाल उत्तम दिसते. ती संभाजीनगरचीच असल्याने, विकणारा ती 'इथली' म्हणतो आणि हा 'माझ्या देशातली' म्हणतो, असा छोटा प्रसंगही निघतो.

भारतीय सैन्य किंवा पोलिसांच्या गणवेशाशी, चिन्हांशी जराही साम्य नको. खरी दिसणारी खोटी बंदूक रस्त्यावर काढू नका. कमरेला रिकामा पट्टा जास्त बोलका दिसतो.

परवानग्या

यात वेळ जातो, म्हणून संहिता पक्की होताच अर्ज करा. राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, सरकारी जागांसाठी तिथून सुरुवात करा. बसस्थानकासाठी एसटीच्या विभाग नियंत्रकाचं कार्यालय गाठा. रेल्वे स्थानक हवं असेल तर आधी ते कुणाकडे आहे ते बघा. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत येतो आणि त्या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला आहे, लातूर मात्र मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे. चुकीच्या दारी अर्ज पडला तर दिवस वाया जातात. दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा ही स्थळं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे चित्रीकरणाला वेगळा परवाना लागतो आणि ड्रोन चालत नाही. या कथेला किल्ल्याची गरज नाही. भाड्याची एक खोली, एक गल्ली आणि एक टपरी एवढ्यात काम होतं. स्थानिक पोलिस ठाण्याला तारखा, जागा आणि 'गणवेशातला नट' असा स्पष्ट उल्लेख असलेलं पत्र द्या आणि पोच घेतलेली प्रत जवळ ठेवा. निवडणूक आचारसंहितेच्या काळात हा विषय रस्त्यावर चित्रित करू नका.

नवरदेवाच्या घोड्यावरून प्रवेश घ्यायचा मोह प्रत्येकाला होतो. कथेत प्राणी वापरला तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते आणि सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी ती मागतात. घोडा काढून टाका.

चार दिवसांचं चित्रीकरण

आठ-नऊ जणांचा चमू, दिवसाला चार ते पाच मिनिटांचा मजकूर. जानेवारीत सकाळी साडेसात ते दहा आणि दुपारी चार ते पावणेसहा हा बाहेरच्या प्रकाशाचा वेळ. मधल्या वेळात खोलीतले प्रसंग घ्या.

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, तिच्याशी न जुळणारा आकडा घेतला तर ट्यूबलाइट आणि दुकानांच्या पाट्या चित्रात लुकलुकू शकतात. मोबाइलवर करत असाल तर प्रकाश (एक्स्पोजर) आणि रंगतापमान (व्हाइट बॅलन्स) कुलूपबंद करा, नाहीतर लाल कोट फ्रेममध्ये शिरताच भिंतीचा रंग बदलतो. मायदेशाचा बातमीपट कमरेच्या उंचीवरून, वर बघत घ्या. इथे आल्यावर कॅमेरा नेहमी डोळ्यांच्या उंचीवर, थोडा लांब, आणि हुकूमशहा फ्रेमच्या मधोमध नसलेला. त्याला वरून खाली बघत चित्रित करू नका. मग कॅमेराच त्याला हिणवतो आणि गल्लीच्या दुर्लक्षाला काही काम उरत नाही.

आवाज हा खरा शत्रू आहे. हंगामात उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जातात. ते गाणं संवादामागे आलं तर संकलन अवघड होतंच, शिवाय यूट्यूबवर हक्कदाराचा दावा लागतो. ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबा. कॉलर माइक कोटाच्या आत घासतो, म्हणून तो छातीवर कापडी टेपने दोन्ही बाजूंनी चिकटवा आणि वायरीला एक सैल फास ठेवा. ध्वनी ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर घ्या आणि मोठा शब्द ध्वनिमुद्रकाच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. हुकूमशहा मध्येच ओरडतो तेव्हा तो टेक वेगळ्या, कमी पातळीवर पुन्हा घ्या. प्रत्येक जागेची तीस सेकंदांची शांतता मुद्रित करायला विसरू नका.

संकलन, उपशीर्षकं आणि चाचणी

पहिला कट २३-२४ मिनिटांचा होतो, ते नेहमीचंच. कापताना विनोदी वाक्यं आधी काढा, शांतता शेवटी. टाळ्यांसाठी हात वर केल्यानंतरची शांतता तीन सेकंदांची असेल तर चार करून बघा. विनोदाला टुंई-टुंई आवाज किंवा झांज जोडू नका.

काल्पनिक भाषेची उपशीर्षकं दोन ओळींपेक्षा जास्त नकोत, एका ओळीत ३५ अक्षरांच्या आसपास. नटाने वाक्य पूर्ण करण्याआधी ओळ दिसली तर प्रेक्षक आधी वाचून हसतो आणि नटाचा चेहरा बघत नाही, म्हणून ओळ वाक्याच्या शेवटच्या शब्दावर आणा. देवनागरी तपासताना 'क्ष', 'त्र', 'र्‍या' आणि ऱ्हस्व इकार ही चार ठिकाणं बघा. काही संकलन सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो, नाहीतर इकार पुढच्या अक्षरावर जातो. 'मुक्ता' (Mukta) किंवा 'नोतो सान्स देवनागरी' यांसारखा युनिकोड टंक वापरा.

चाचणीसाठी वीस-पंचवीस माणसं बोलवा. त्यांत निम्मी तरी तुमच्या ओळखीबाहेरची आणि काही साठीच्या पुढची असावीत. खोलीत मागे एक ध्वनिमुद्रक ठेवा आणि तो आवाज नंतर चित्रपटाच्या खाली जोडून बघा. कुठे हसले, कुठे खोकले, कुठे खुर्च्या वाजल्या हे फ्रेमसकट कळतं. मुलीच्या प्रसंगात कुणी हसलं असेल तर त्याआधीच्या तीस सेकंदांत काहीतरी जास्त विनोदी राहून गेलं आहे, ते काढा.

फक्त इंटरनेटवर टाकायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. चित्रपटगृहात किंवा सार्वजनिक खेळासाठी ते लागतं, अर्ज ऑनलाइन होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए गटात, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या चित्रपटांत, ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आले आहेत. परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध बिघडू नयेत, असंही सेन्सॉर मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. काल्पनिक देशाचा झेंडा आणि शब्दांची यादी अर्जासोबत तयार ठेवा, कारण मंडळ सगळ्या संवादांचं लेखी भाषांतर मागतं आणि ४० शब्दांच्या भाषेचं भाषांतर तुमच्याशिवाय कुणालाच करता येणार नाही.